एक्केचाळिसावा गणवेश

टेलरबाईंची नजर म्हणजेच टेप, असं त्या गल्लीत सगळे म्हणायचे आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. गिऱ्हाईक दारातून आत येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत टेलरबाईंनी त्याचा खांदा, छाती, कंबर सगळं मनात टिपून ठेवलेलं असायचं. गळ्यातला टेप हा केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. कुणी लाजून पोट आत ओढून घेतलं तर त्या वर न बघताच म्हणायच्या, "सोडा श्वास, मला दिसलंय."

चौदा वर्षं त्या जवळच्या मुलींच्या शाळेचे गणवेश शिवत होत्या. सुटी लागायच्या आधी एक दिवस शाळेत जायचं, व्हरांड्यात मुलींची रांग लावायची, मापाच्या वहीत आकडे उतरवायचे आणि मग दोन महिने मशीनवरून मान वर काढायची नाही. निळा फ्रॉक, पांढरी कॉलर, समोर पाच बटणं. तयार झालेल्या प्रत्येक फ्रॉकला टाचणीने एक चिठ्ठी टोचलेली असायची: इयत्ता, नंबर, लांबी, छाती. नावं नाहीत, कारण शाळाच नंबरांची यादी पाठवायची. चौदा वर्षांत एक फ्रॉक इकडचा तिकडे झाला नव्हता आणि ही गोष्ट टेलरबाई निदान महिन्यातून एकदा कुणाला तरी ऐकवायच्या.

चिठ्ठ्या टोचायचं काम गुंडीचं. गुंडी ही त्यांची मुलगी, वय वर्षं दहा. तान्ही असताना एक बटण मुठीत धरून झोपायची, म्हणून बाबांनी तिला गुंडी केलं आणि खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं. जन्माच्या वेळी तिला श्वास घ्यायला उशीर झाला होता. त्यामुळे पाय ताठ राहिले, डावी मूठ पुरती उघडेना आणि शब्द तोंडातून ओढत ओढत बाहेर यायला लागले. घरात ती लोखंडी वॉकर धरून चालायची, बाहेर जायचं तर आई खुर्ची ढकलायची. डोकं मात्र असं तल्लख, की वरच्या मजल्यावरच्या आजी, ज्या एके काळी शिक्षिका होत्या आणि रोज दुपारी तासभर तिला शिकवायला खाली यायच्या, त्या म्हणायच्या, "माझ्या सगळ्या नोकरीत अशा प्रश्न विचारणाऱ्या तीनच मुली भेटल्या, आणि बाकीच्या दोघी हिच्याइतक्या खोडकर नव्हत्या."

गुंडीचं टेबल खिडकीशी होतं. बाबा लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचे, महिन्यातून चार दिवस घरी असायचे. अशाच एका खेपेला त्यांनी टेबलाचे पाय कापून ते तिच्या खुर्चीच्या उंचीला आणलं होतं. त्या खिडकीतून शाळेची भिंत दिसायची, फाटक दिसायचं आणि मधली सुटी झाली की आरडाओरडा ऐकू यायचा. तो सुरू झाला की गुंडीचा हात बटणांच्या डब्यात थांबायचा. सुटी संपेपर्यंत थांबलेला असायचा.

तिला सगळ्यात आवडायची ती मापाची वही. दुसरी मुलं गोष्टींची पुस्तकं वाचतात, ही आकडे वाचायची.

"आई, एकोणतीस नंबरला धाकटी बहीण आहे ना?"

"मला काय माहीत? मी मापं घ्यायला जाते, गप्पा मारायला नाही."

"आहे. तिचा गेल्या वर्षीचा फ्रॉक आखूड करायला आला होता. आणि सात नंबर यंदा तीन इंच वाढली. तीन इंच! ती आता रांगेत मागे गेली असणार. तिला वाईट वाटलं असेल का गं?"

आपल्या वयाच्या वर्गातल्या चाळीस मुली गुंडीला अशा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पाठ होत्या. त्यांतल्या एकीशीही ती कधी बोलली नव्हती. टेलरबाई असं काही ऐकलं की मशीन जोरात चालवायच्या. मशीनच्या आवाजात पुष्कळ गोष्टी बुडवता येतात.

तसं त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. गुंडी सहा वर्षांची झाली तेव्हा तिला कडेवर घेऊन त्या शाळेत गेल्या होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, गुंडीच्या केसांवरून हात फिरवला. शाळा ही फार सभ्य जागा; ती कुणाला हाकलत नाही. "अहो, नाही कोण म्हणतंय?" मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "पण मुलींची धावपळ बघताय ना? हिला धक्का लागला तर? जिने आहेत, बाथरूमची अडचण आहे. थोडी मोठी होऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

टेलरबाई घरी आल्या आणि त्यांनी कानाला खडा लावला. एकदा विचारलं, पुन्हा विचारणार नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या ना? मग त्यांनीच बोलवावं. नवरा फोनवर म्हणायचा, "अगं, दर वर्षी तू त्याच व्हरांड्यात उभी असतेस. चार पावलांवर ऑफिस आहे. विचार की." त्या म्हणायच्या, "मी भीक मागायला जात नाही तिथे, कामाला जाते." नवरा विषय बदलायचा. या बाईचा स्वाभिमान तिच्या कात्रीइतकाच धारदार होता आणि दोन्हींना हात लावायची त्याची छाती नव्हती.

पण दर वर्षी सगळे गणवेश झाले की टेलरबाई उरलेल्या कापडातून एक फ्रॉक जास्तीचा शिवायच्या. त्यांची कापणी इतकी काटकसरीची, की एका फ्रॉकपुरतं कापड हमखास निघायचं आणि उरलेलं कापड टेलरचं, हा रिवाजच होता. हा फ्रॉक वरून इतरांसारखाच दिसायचा, पाच बटणांसकट. फक्त ती बटणं खोटी असायची. आत वेल्क्रो, म्हणजे एका हाताने ओढलं की उघडेल आणि दाबलं की मिटेल. खिसा उजवीकडे, जरा खाली, बसल्या बसल्या हात पोचेल असा. इस्त्री करून, कागदात गुंडाळून त्या तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्यायच्या. तिथे आता असे चार झाले होते, हा पाचवा. एकाचीही घडी कधी मोडली नव्हती. गुंडी बघायची, टेलरबाईंना ठाऊक असायचं की ती बघतेय, आणि दोघींपैकी कुणीही तोंडातून ब्र काढायचं नाही.

त्या वर्षी शिपाईमामा ढकलगाडी घेऊन आले, गठ्ठे मोजून घेऊन गेले, शाळा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दारात उभे.

"टेलरबाई, पाचवीत एक जास्त आलाय."

"काय जास्त?"

"ड्रेस. वर्गात पोरी चाळीस, गठ्ठ्यात ड्रेस एक्केचाळीस. नंबरसुद्धा घातलाय तुम्ही, एक्केचाळीस. पाचवीच्या नव्या बाईंनी नंबर पुकारला तर कुणी उठेचना. पोरी लागल्या हसायला." मामांना ही गंमत वाटत होती. "चौदा वर्षांत पहिल्यांदा हो! मोठ्या बाईंनी बोलावलंय."

टेलरबाई उठल्या, कपाट उघडलं. वरच्या फळीवर चारच पुडकी होती. पाचवं खाली ठेवलं होतं का? इस्त्री झाल्यावर नेमका गठ्ठा बांधायची वेळ झाली, आणि आपण... चूक झाली याचं दुःख होतंच, पण ते परवडलं असतं. जी गोष्ट चार वर्षं या फळीवर झाकून ठेवली, ती आता शाळेच्या टेबलावर उघडी पडली होती आणि पोरी तिला हसल्या होत्या.

खिडकीशी बसलेली गुंडी काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ती?" मामांनी टेलरबाईंना विचारलं. लोक गुंडीचं बोलणं तिला कधीच विचारायचे नाहीत, आईलाच विचारायचे.

"चूक नाही, म्हणतेय," टेलरबाई म्हणाल्या. "पोर आहे, आईची बाजू घेतेय." त्यांनी वरच्या आजींना हाक मारली आणि पायात चपला सरकवल्या.

ऑफिसात मोठ्या बाई खुर्चीत होत्या, केस पिकलेले, चष्मा बदललेला, बाकी त्याच. शेजारी पाचवीच्या नव्या बाई उभ्या होत्या, बारीक चणीच्या, बाहीला खडूचा डाग. आणि टेबलावर तो फ्रॉक उलगडून ठेवलेला. टेलरबाईंना कुणीतरी आपल्या घरातलं कपाटच उचलून इथे आणून ठेवल्यासारखं वाटलं.

"अहो, एवढं काय त्यात," मोठ्या बाई म्हणाल्या. "नमुन्याचा असेल, चुकून आला असेल. घेऊन जा. मीच म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवण्यापेक्षा..."

"हो. चुकून आला," टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. बस, उचलायचा आणि चालू लागायचं.

"नमुन्याचा नाहीये हा," नव्या बाई म्हणाल्या. "मी बघितला नीट. बटणं नुसती दिसायला आहेत. हा एक हात वापरणाऱ्या मुलीसाठी शिवलाय, आणि शिवणारीला ती मुलगी चांगली ठाऊक आहे." त्यांनी वेल्क्रो ओढून दाखवलं. "मुली हसल्या, ते नंबर ऐकून. पण एकोणतीस नंबर उठून म्हणाली, बाई, हा खिडकीतल्या मुलीचा असेल. मग सगळ्याच बोलायला लागल्या. खिडकीतली म्हणजे तुमची ना?"

टेलरबाईंनी हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. खिडकीतली. त्यांना वाटत होतं, गुंडी शाळेकडे बघते हे फक्त आपल्याला माहीत आहे. शाळा गुंडीकडे बघते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आणि ही चिठ्ठी," नव्या बाई म्हणाल्या. "ही मला कळली नाही. तुमची भाषा आहे."

टेलरबाईंनी चिठ्ठी घेतली. शिसपेन्सिलीने लिहिलेली मोठी, डावीकडे कललेली अक्षरं. त्यांचं अक्षर नव्हतं ते. टाचणीही तिरकी टोचली होती. त्यांनी वाचलं.

*इयत्ता ५. नंबर ४१. लांबी ३१. आईने २७ घेतली आहे. दुमड उसवावी.*

त्यांनी पुन्हा वाचलं. मग टेबलावरच्या फ्रॉककडे बघितलं आणि इतका वेळ जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसलं. फ्रॉक लहान होता. चांगला चार इंच लहान होता. इथे दर वर्षी दहा वर्षांच्या पोरी रांगेत उभ्या राहत आणि त्या डोळे मिटूनही त्यांची लांबी सांगू शकल्या असत्या, पण स्वतःच्या पोरीला मात्र त्यांनी कधी उभी करून मापलंच नव्हतं. ती बसलेली असायची. बसलेल्या, वाकलेल्या, कडेवर मावणाऱ्या मुलीचं माप त्यांनी डोळ्यांनी घेतलं होतं, आणि दर वर्षी त्यात अंदाजाने इंच-अर्धा इंच घालत गेल्या होत्या. या जगप्रसिद्ध नजरेला घरातलीच पोर वाढलेली दिसली नव्हती.

चूक झाली नव्हती तर. फळीवरचं पुडकं पाठवलं गेलं होतं, आणि ते पाठवणारीने नंबर घालून, माप दुरुस्त करून, रीतसर पाठवलं होतं. आईने चार वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते तिने एका चिठ्ठीत विचारलं होतं. विचारलंही नव्हतं, सरळ सांगितलं होतं.

टेलरबाईंचे डोळे भरून आले. त्यांना याचा राग आला, कारण त्या मोठ्या बाईंसमोर रडायचं नाही असं चार वर्षांपूर्वी ठरवून बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसल्या.

"मोठ्या बाई, माझ्या मुलीला पाचवीत घ्या."

"अहो, पण... पाचवी वरच्या मजल्यावर आहे."

"खाली चित्रकलेची खोली आहे की," नव्या बाई म्हणाल्या. "त्यात नुसती कपाटं आहेत."

"आणि कपाटं कुठे ठेवू?"

"वर," टेलरबाई म्हणाल्या. "कपाटांना जिना चढायला त्रास होत नाही. चार माणसं लागतात."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना चारशे मुली होत्या, गळकी टाकी होती, दोन शिक्षिका कमी होत्या, आणि त्यात ही. "मी तेव्हाही नाही म्हटलं नव्हतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"तीच तर मेख आहे. नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, चार लोकांना विचारलं असतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. आणि मी वाट बघत बसले. माझी चूक झालीच. पण बाई, मी वाट बघत असताना ती वाढत होती." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "आता नाही म्हणायचं असेल तर कागदावर लिहून द्या."

"तसं लिहिता येणार नाही," नव्या बाई हळूच म्हणाल्या. "कुठल्याही मुलीला अशा कारणासाठी नाकारायचं नाही, हा कायदाच आहे, मोठ्या बाई. तिचा हक्क आहे तो. आपण उपकार नाही करत."

बाहेर घंटा झाली. मधल्या सुटीचा कल्ला जिन्यावरून खाली कोसळला आणि टेलरबाईंना पहिल्यांदा तो भिंतीच्या आतून ऐकू आला. तिकडे खिडकीत या क्षणी एक हात बटणांच्या डब्यात थांबला असेल, हे त्यांना कळत होतं.

"बाथरूमला कठडा लावावा लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी आणा. महिनाभर बघू, मग..."

"बघू नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणा," त्या म्हणाल्या. "सोमवारी आणा. कठड्याचं मी आजच सांगते."

टेलरबाई घरी आल्या तेव्हा गुंडी खिडकीशी नव्हती. वॉकर धरून दाराजवळ उभी होती. आजी शेजारी खुर्चीत बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. त्यांचाही यात हात होता की काय, हे टेलरबाईंनी पुढे कधी विचारलं नाही.

"रागावलीस?" गुंडीने विचारलं.

"टाचणी सरळ टोचायला कधी शिकणार तू? तिरकी होती."

"आई."

"सोमवारपासून जायचंय," टेलरबाई म्हणाल्या. "एकोणतीस नंबर तुला ओळखते म्हणे."

"माहीत आहे. ती रोज हात करते. मीपण करते. तू मशीनवर असतेस."

टेलरबाईंनी गळ्यातला टेप काढला. "सरळ उभी राहा," त्या म्हणाल्या आणि जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. गुंडीने वॉकर घट्ट धरला, पाय होतील तेवढे सरळ केले, हनुवटी वर केली. व्हरांड्यातल्या मुली माप देताना अशाच उभ्या राहायच्या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत टेप उतरला.

"एकतीस," टेलरबाई म्हणाल्या. "बरोबर एकतीस. एकटीने कसं घेतलंस?"

"टोक खांद्याला टाचलं, सोडून दिलं, आणि आरशात वाचलं. आरशात आकडे उलटे दिसतात. म्हणून तीनदा वाचलं."

टेलरबाईंनी फ्रॉक उलटा करून दुमड उसवली. तीन इंच निघाले. एक इंच कमी पडत होता, आणि यंदाच्या ताग्यातलं कापड सगळं संपलं होतं. त्या कपाटापाशी गेल्या, वरच्या फळीवरून अगदी तळाचं पुडकं काढलं, कागद सोडला. आत सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक होता, कॉलर अजून पांढरीशुभ्र. त्यांनी तो घडीतच धरला होता. चार वर्षं ज्या घडीला हात लावला नाही, ती मोडताना त्यांचा हात चालेना. त्या मुलीला शाळेत जायचं होतं, आणि ती मुलगी आता कधीच जाणार नव्हती. पहिलीचा वर्ग, पहिली घंटा, रांगेत पहिल्यांदा उभं राहणं, हे काही आता कुणी कुठून शिवून आणणार नव्हतं.

गुंडी वॉकर सरकवत जवळ आली. तिने उजव्या हाताने फ्रॉक घेतला, झटकला आणि स्वतःच्या अंगाला लावून आरशात बघितलं. तो तिच्या मांडीच्या अर्ध्यावरच संपला.

"एवढीशी होते मी?"

"एवढीच होतीस."

गुंडीने फ्रॉक टेबलावर ठेवला, बटणं बाजूला केली आणि खालची कड सरळ करून धरली.

"काप," ती म्हणाली.

"रंगात फरक दिसेल गं पट्टीच्या. जुनं कापड आहे."

"दिसू दे."

टेलरबाईंनी कात्री उचलली.